डाक आवृत्ती

मिडलँड क्लिपिंग ब्युरोत नोकरी मागायला आलेल्या मुली बहुधा पहिल्या पंधरा गावांतच गारद व्हायच्या. तिथल्या मुख्य एकस्ट्रॉम बाई गावाचं नाव घेणार, समोरच्या मुलीने त्या गावच्या पेपरचं नाव सांगायचं, आणि तो सकाळी निघतो की संध्याकाळी तेही सांगायचं. अशी पन्नास गावं. चाळीस बरोबर आली की नोकरी पक्की. न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो कुणालाही येतं. पुढे मेम्फिस आलं, स्पोकेन आलं, की मुली खिडकीबाहेर बघायला लागायच्या आणि मग देवावर हवाला ठेवून 'टाइम्स' म्हणून ठोकून द्यायच्या. मेम्फिस टाइम्स, स्पोकेन टाइम्स, ओमाहा टाइम्स. एकस्ट्रॉम बाई कागदावर फुली मारायच्या.

परीक्षा उगाच नव्हती. ब्युरोत रोज देशभरातून पोतीच्या पोती पेपर यायचे. तिथल्या वाचकबाया नऊशे गिऱ्हाइकांची नावं डोक्यात ठेवून ते चाळायच्या आणि नाव दिसलं की बातमी कापायच्या. साबणाचे कारखानदार, आमदार-खासदार, नट्या, सगळ्यांनाच आपल्याबद्दल कुठे काय छापून आलं ते हवं असायचं. पण कात्री चालली की बातमी एकीकडे आणि पेपरचं नाव दुसरीकडे. टेबलावरच्या चिटोऱ्यांच्या ढिगातून कुठलं कुठल्या गावचं, हे जिला झटकन सांगता येत नाही तिचा इथे उपयोग नाही.

एकोणीसशे एकोणपन्नासच्या मार्चात, एका मंगळवारी सकाळी, लिबूशे हावरानेक तिथे येऊन बसली. वय पंचवीस. टपालाने माल पाठवणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या गोदामात ती स्त्रियांचे पट्टे आणि मोजे बांधायची. तिथला पगार ब्युरोपेक्षा जास्त होता, म्हणजे पगारासाठी ती आलीच नव्हती. तिला नऊशे नावांच्या जोडीला आपलं एक नाव वाचायचं होतं. ओटो हावरानेक. तिचा बाप.

ओटो बोहेमियातून, म्हणजे चेक मुलखातून आलेला, खिळे जुळवणारा कंपोझिटर होता. एकतीस साली त्याचा छापखाना बंद पडला, तसा त्याने कामगार संघटनेचं फिरतीचं कार्ड काढलं आणि गाडीत बसला. ते कार्ड खिशात असलं की कंपोझिटरने कुठल्याही शहरात उतरावं, छापखान्याच्या फळ्यावर नाव लावावं, मिळेल तेवढे दिवस काम करावं आणि पुढचं गाव धरावं. त्या काळात कितीतरी बरे संसारी लोक या कार्डापायी वाऱ्यावर गेले. ओटो गेला तेव्हा लिबूशे, म्हणजे लिबी, सात वर्षांची होती.

त्याची पत्रं येत नसत. आई सांगायची, तुझा बाप दुसऱ्यांचं लिहिलेलं जुळवून जुळवून कंटाळलाय, स्वतः कशाला लिहील? पत्राऐवजी यायचं पेपरचं नाव. ज्या गावी काम मिळालं तिथल्या पेपरचा माथा, नावाखालच्या तारखेच्या ओळीसकट कापलेला. रविवारी सकाळी आई तो लिबीच्या ताटाशेजारी ठेवायची. "बाबांचं आलंय." पाकीट मात्र कधी मिळायचं नाही, कारण त्यावरचे स्टँप म्हणे शेजारचा म्हातारा जमवायचा. लिबी ते नाव वहीत डकवायची आणि शाळेतल्या नकाशावर गाव शोधायची. बाकीची मुलं राज्यं आणि राजधान्या घोकत होती तेव्हा ही क्लीव्हलंड प्लेन डीलर, सॅक्रामेंटो बी, टोलेडो ब्लेड म्हणत घरभर फिरायची. जवळजवळ प्रत्येक माथ्याच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने एक आकडा असायचा, कधी चार, कधी अठरा, कधी सत्तावीस. तो बाबांच्या हातचा आहे एवढं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्याचा अर्थ काही लागायचा नाही, पण ती त्यावरून बोट फिरवायची.

मग अडतीस सालचा वसंत आला. आठवी पास होणाऱ्यांचा शाळेत मोठा समारंभ असतो, आणि सगळ्यांचे बाप कडक कॉलर लावून पहिल्या रांगेत बसतात. लिबीने बापाला पत्र लिहिलं आणि आईकडे दिलं. चौदा वर्षांच्या मुलीला राग आला की ती पुढचामागचा विचार करत नाही. शेवटची ओळ तिने अशी लिहिली: 'येणार नसलात तर ही नावंही पाठवू नका.'

बाप आला नाही. नावंही आली नाहीत. त्यानंतर एकसुद्धा नाही.

अकरा वर्षं ती ओळ लिबीच्या घशात अडकून होती. तिला बापाला शोधायचं होतं ते काही जाब विचारायला नाही. ती ओळ मी रागाच्या भरात लिहिली होती, एवढंच तिला त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. तो जिवंत असेल तर कुठे ना कुठे, कधी ना कधी पेपरात नाव येईलच. संघटनेच्या निवडणुकीत, अपघातात, चर्चच्या वर्गणीत. आणि सगळ्या देशाचे पेपर एका ठिकाणी वाचायला मिळतील अशी जागा शिकागोत एवढी एकच तिला ठाऊक होती.

"क्लीव्हलंड," एकस्ट्रॉम बाई म्हणाल्या. साठीच्या, सडसडीत, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत.

"सकाळी प्लेन डीलर. संध्याकाळी प्रेस आणि न्यूज."

"मेम्फिस."

"कमर्शियल अपील सकाळी. प्रेस-सिमिटार संध्याकाळी."

"स्पोकेन."

"स्पोक्समन-रिव्ह्यू सकाळी, क्रॉनिकल संध्याकाळी."

शेजारच्या टेबलावर मे डोनेगन नावाची लठ्ठशी बाई आयोवाचे पेपर कापत बसली होती. तिची कात्री थांबली. "अगं बाई, ही तर घोटून प्यायलीय!"

"मे, तू तुझं बघ," एकस्ट्रॉम बाई म्हणाल्या. "लुइव्हिल."

"कुरियर-जर्नल, टाइम्स, आणि हेरल्ड-पोस्ट."

बाईंची पेन्सिल क्षणभर अडली. "ओमाहा."

"वर्ल्ड-हेरल्ड. आणि बी-न्यूज."

"मिनियापोलिस."

"जर्नल, ट्रिब्यून, स्टार."

मे हसायला लागली. "हिने तर थडगी उकरायला घेतली! जर्नल जाऊन दहा वर्षं झाली की गं! अजून सुतकात आहेस का?"

लिबीचे कान तापले. पुढची गावं ती चाचरत बोलली, तरी बोलली. डेन्व्हर, सॉल्ट लेक, रिचमंड, न्यू ऑर्लिन्स. पन्नास झाली तेव्हा बाईंनी बेरीज केली आणि कागद तिच्याकडे फिरवला.

"अडतीस बरोबर. तीन आलीच नाहीत. राहिली नऊ, त्यात तुम्ही मेलेले पेपर सांगितलेत. लुइव्हिलचा हेरल्ड-पोस्ट छत्तीसला बुडाला. ओमाहाचा बी-न्यूज सदतीसला. सिराक्यूजचे जर्नल आणि हेरल्ड तुम्ही वेगळे सांगितलेत, त्यांचं एकोणचाळीसला लग्न लागलं. पेपरांचं असंच असतं, लग्न लागलं की नावाच्या मधे आडवी रेघ येते. मेलेला पेपर हे चुकीचं उत्तर. म्हणजे दोनाने राहिलात."

"हो, बाई."

"पण मी इथे बावीस वर्षं आहे. टाइम्स ठोकणाऱ्या पुष्कळ पाहिल्या. अडतीस सालापर्यंतचं सगळं येतंय आणि पुढचं काहीच नाही, अशी पहिलीच. कुठे शिकलात?"

लिबीने पिशवीतून वही काढली. "वडील कंपोझिटर आहेत. फिरतीवर. जिथे काम करायचे तिथल्या पेपरचं नाव पाठवायचे."

बाईंनी भिंग घेतलं. जुन्या वाचकबाईच्या हातात छापील कागद आला की तिला मजकुराआधी कागद दिसतो. त्यांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग भराभर पुढची उलटली, मग पुन्हा पहिल्यावर आल्या. लिबीला वाटलं, आता शाबासकी मिळणार. पण बाईंनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवून बसल्या.

"मिस हावरानेक, एक विचारू? तुमचे वडील या गावांमधे राहत होते असं कोण म्हणालं?"

"म्हणजे? आई म्हणाली. हे काय, त्यांनीच पाठवलंय."

"ही तारखेखालची ओळ वाचा. बारीक आहे, भिंग घ्या."

लिबीने वाचलं. "डाक आवृत्ती."

"पुढचं."

"डाक आवृत्ती." तिने पान उलटलं. डाक आवृत्ती. पुन्हा उलटलं.

"गावात जो पेपर विकतात त्यावर शहर आवृत्ती असतं, नाहीतर शेवटची आवृत्ती. ही डाक आवृत्ती आधी छापून आगगाडीने बाहेर पाठवतात. त्या गावात राहणाऱ्या माणसाच्या हाती ती सहसा पडतच नाही. आणि छापखान्यात काम करणारा माणूस तर दारातून ताजा अंक उचलेल, हो की नाही? इथे आमच्याकडे येतात त्या सगळ्या डाक आवृत्त्याच." बाईंनी घसा साफ केला. त्यांना पुढचं बोलायचं नव्हतं, पण अर्धवट सोडायची सवयही नव्हती. "आणि हा निळा आकडा. रँडॉल्फ रस्त्यावर, रेल्वेच्या पुलाखाली बाहेरगावच्या पेपरांचा ठेला आहे. मॅकगर्क नावाचा म्हातारा. अंक शिकागोत ज्या तारखेला पोचला तो आकडा तो निळ्या पेन्सिलीने कोपऱ्यात टाकतो, म्हणजे शिळे कुठले ते कळावं. आमचा एखादा अंक चुकला की आम्ही त्याच्याकडूनच आणतो."

"हा आकडा बाबांचा आहे," लिबी म्हणाली.

मे डोनेगन खाली बघून कापत राहिली.

"पहिला तेवढा मॅकगर्ककडचा नाही," एकस्ट्रॉम बाई हलकेच म्हणाल्या. "हा क्लीव्हलंडचा. यावर शहर आवृत्ती आहे, आकडाही नाही. हा क्लीव्हलंडातच घेतलेला आहे. बाकीचे एकशे कितीतरी इथून, चालत पाच मिनिटांवरून." त्यांनी वही परत दिली. "सोमवारी या. ती बाराच गावं पुन्हा विचारीन. आजची नावं पाठ करून या."

लिबी जिना उतरली ते तिला कळलंसुद्धा नाही. पहिल्यांदा मनात आला तो संताप. म्हणजे बाप सात वर्षं याच शहरात होता! त्या पुलाखाली उभा राहून पेपर विकत घेत होता, कापत होता, आणि पोटच्या पोरीला भेटायला वीस मिनिटांची ट्राम त्याला धरवत नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ती नकाशावर स्पोकेन शोधत होती आणि हा इथे!

मॅकगर्कचा ठेला सापडायला वेळ लागला नाही. डोक्यावरून गाडी गेली की सगळे पेपर थरथरायचे आणि म्हातारा दोन्ही हात पसरून त्यांना दाबून धरायचा.

"काका, तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"तू जन्मायच्या आधीपासून. काय पाहिजे? कुठलं गाव?"

"गाव नको. एक माणूस विचारायचाय. एकतीस ते अडतीसपर्यंत इथून बाहेरगावचे पेपर न्यायचा. दर आठवड्याला नाही, पण बऱ्याचदा. उंच, पिंगट मिशा. बोहेमियन. कंपोझिटर होता."

मॅकगर्कने डोकं खाजवलं. "कंपोझिटर लोक पैसे देत नाहीत गं, उभ्या उभ्या वाचतात आणि पानं चुरगाळून जातात. मिशावाला बोहेमियन? नाही बुवा. बोहेमियन एक बाई होती."

"बाई?"

"शनिवारी यायची, पाचच्या सुमाराला. डोक्याला रुमाल, हातात बादली. कचेऱ्या धुवायला जाणारी असणार. पहिल्यांदा आली ती म्हणाली, कुठलंही गाव द्या. आता कुठलंही म्हणजे काय? मी म्हटलं, बाई, ही काय भाजी आहे का? मग तिने एक एक चालू केलं. आज बफेलो, पुढल्या वेळी डेन्व्हर. एकदा नेलेला पेपर पुन्हा न्यायची नाही. आणि पैसे देण्याआधी इथेच, या खांबाला टेकून, मागची पानं बोटाने वाचायची. जन्म, लग्नं, मृत्यू. ओठ हलवत. मी पुष्कळांना हाकलतो, तिला नाही हाकललं." त्याने लिबीकडे नीट पाहिलं. "शेवटी शेवटी तर रोज यायची. दोन-तीन आठवडे असतील. सगळे पेपर उलथेपालथे करायची. मग एक दिवस बंद झाली. तुझी कोण?"

"आई," लिबी म्हणाली.

लिबी सव्वीसाव्या रस्त्यावर उतरली तेव्हा दोन वाजले होते. आई अजूनही संध्याकाळी कचेऱ्या धुवायला जायची, चारला निघायची, आणि त्याआधी रात्रीचं करून ठेवायची. बोझेना हावरानेक ओट्याशी उभी राहून शिळ्या पावाचे तुकडे पिठात मळत होती. उकडायच्या गोळ्यांचं पाणी चुलीवर खदखदत होतं.

"लवकर आलीस? मिळाली का नोकरी?"

लिबीने वही ओट्यावर ठेवली, पिठाच्या शेजारी. "आई, बाबांनी यातलं फक्त पहिलं पाठवलं होतं ना?"

आईचे हात पिठात होते, ते तसेच राहिले. नाही म्हणायचा तिने प्रयत्नही केला नाही. कदाचित अकरा वर्षं ती याच प्रश्नाची वाट बघत असेल.

"कुणी सांगितलं?"

"पेपरवरच छापलंय. मला वाचता येत नव्हतं एवढंच."

"बस," आई म्हणाली. स्वतः मात्र उभीच राहिली. "क्लीव्हलंडहून एक पत्र आलं होतं. आत दहा डॉलर, आणि तुझ्यासाठी ते नाव कापलेलं. लिबूशला दे म्हणून. त्याच्यानंतर काही नाही. एक महिना, दोन महिने. तू रोज विचारायचीस, बाबांचं आलं का, बाबांचं आलं का. मी तरी काय करणार होते?"

"म्हणून विकत घ्यायला लागलीस?"

"तुझ्यासाठी नाही घेतला पहिला." आईचा आवाज चढला. "एवढी काही मी पुण्यवान नाही! मी त्याला शोधत होते. संघटनेत विचारलं, ते म्हणाले फिरतीचं कार्ड काढून गेलेल्यांचा पत्ता आम्हाला कुठला. मग म्हटलं पेपरात बघू. मेला असेल तर छापतील, दुसरं लग्न केलं असेल तर छापतील. इंग्रजी मला धड येत नव्हतं, पण नाव तर ओळखता येतं ना! बफेलोचा पेपर वाचला, नव्हता. आता तो पेपर टाकून द्यायचा? चांगले पैसे मोजलेले. म्हणून नाव कापलं आणि तुझ्या ताटाशी ठेवलं. तू काय नाचलीस त्या दिवशी! मग दर वेळी ठेवायला लागले."

लिबी खुर्चीवर बसली. पाणी उतू जायला आलं तसं आईने झाकण सरकवलं.

"आणि माझं पत्र?"

"कुठलं?"

"आठवीतलं. येणार नसलात तर नावंही पाठवू नका, असं लिहिलं होतं. त्याच्यानंतरच बंद झालं सगळं. आई, मला अकरा वर्षं वाटतंय की माझ्यामुळे..."

बोझेना हावरानेकने पिठाचे हात तसेच पोरीच्या डोक्यावर ठेवले. "अगं वेडे. अगं वेडाबाई. तू मला कधी बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?"

हे खरं होतं, आणि दोघींनाही ते कळलं.

"ते पत्र मीच वाचलं," आई म्हणाली. "पाठवणार कुठे? पण वाचलं, आणि म्हटलं आता याला शोधून काढायचाच. तुझ्या समारंभाला कान धरून आणायचा. तोपर्यंत मी शोधत होते, पण सापडू नये असंही मनात असायचं. त्या पत्रानंतर मात्र मी रोज जायला लागले. दूरदूरची गावं सोडली, जवळची धरली. आणि सापडला."

"सापडला?"

"आयोवात. डब्यूकला."

डब्यूक. सकाळी गाडीत बसलं तर जेवायच्या वेळेला पोचावं इतकं जवळ. लिबी बत्तीस राज्यांतले पेपर तोंडपाठ म्हणून दाखवत होती, पण डब्यूकच्या पेपरचं नाव तिला सांगता आलं नसतं. तो माथा तिच्या ताटाशी कधी आलाच नव्हता.

"काय छापलं होतं?"

"दोनच ओळी. श्री. व सौ. ओटो हावरानेक यांना मुलगी झाली."

आईने गोळे वळून पाण्यात सोडले, एक एक करून, सात.

"तू गेली नाहीस?"

"कशाला जाऊ? ती पोर तीन दिवसांची होती. तिच्या आईला जाऊन काय सांगू? हा माझा आहे, दे? मी पेपर चुलीत घातला आणि त्या दिवसापासून ठेल्यावर गेले नाही. तुला सांगायला हवं होतं. पण सात वर्षं तुझा बाप तुला न चुकता आठवत होता, लिबूश. तेवढा एकच बाप तुला होता. तो कसा काढून घेऊ तुझ्याकडून?"

लिबी रडली. बापासाठी नव्हे, ते तिचं तिलाच नवल वाटलं. रुमाल बांधून खांबाला टेकलेली, ओठ हलवत परक्या गावांतले जन्म-मृत्यू वाचणारी बाई तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ते कडाक्याच्या थंडीतले शनिवार आणि ते ओले बूट तिला आठवत होते. तेव्हा आई म्हणायची, आज कचेरीत उशीर झाला.

गोळे तरंगायला लागले तसे आईने ते काढले आणि दोऱ्याने कापले. लिबीने ताटं घेतली. तिने सांगून टाकलं, आता त्या ब्युरोत जायचं काही कारण उरलं नाही, पगार कमीच आहे, उद्यापासून परत गोदामात जाते.

आई रुमाल बांधत होती. गाठ मारता मारता म्हणाली, "सोमवारी जा."

"कशाला?"

"तुला ते येतं म्हणून जा. मोजे बांधायला कुणीही येईल." मग ती दाराशी थांबली. तिला काहीतरी मागायचं होतं आणि मागायची सवय नव्हती. "आणि एक. दर नोव्हेंबरात फादर घरातल्या मेलेल्यांची नावं कागदावर लिहून मागतात, प्रार्थनेत वाचायला. माझ्या आईचं लिहिते, भावाचं लिहिते. त्याचं लिहावं का, अकरा वर्षं कळत नाही. जिवंत माणसाचं लिहिलं तर पाप, आणि मेला असेल आणि नाही लिहिलं, तर त्याच्यासाठी म्हणणारं दुसरं कोण आहे? बाकी काही सांगू नकोस मला. घर बांधलं, पोरं झाली, काही नको. फक्त त्या शेवटच्या रकान्यात आला, तर सांग."

"सांगीन," लिबी म्हणाली.

सोमवारी एकस्ट्रॉम बाईंनी बारा गावं विचारली आणि बाराही आली. त्यांनी ओरेगन आणि वॉशिंग्टनचा गठ्ठा पुढे सरकवला. "या राज्यांतलं तुम्हाला बरं येतं."

"बाई, मला आयोवा मिळेल का?"

"आयोवा?" मे डोनेगन ओरडली. "घे बाई, घे, देव तुझं भलं करो! मक्याचे भाव आणि चर्चची जेवणं वाचून माझे डोळे गेले. पण लक्षात ठेव, एकदा घेतलंस की परत नाही."

एकस्ट्रॉम बाईंनी भुवया आणखी वर केल्या. दोन गठ्ठ्यांची अदलाबदल झाली. लिबीने दोरी सोडली, अंक गावांप्रमाणे लावले आणि डब्यूकचा सगळ्यात आधी ओढला. त्याच्या माथ्यावर काय नाव होतं ते तिने तेव्हा पाहिलंही नाही. मागचं पान उघडून मृत्यूचा रकाना वरून खालपर्यंत वाचला. नाव नव्हतं. मग तिने शाळांच्या बातम्या काढल्या. त्या वाचायला आईने काही सांगितलं नव्हतं, पण ती तीन दिवसांची पोर आता अकरा वर्षांची होत आली असणार. पाचवीतल्या मुलींच्या नावांवरून ती बोट ठेवून, सावकाश, एक एक करत खाली गेली.